मेनूतून काढलेलं परत परत येतंय? आधी फाइलीचं नाव बघा

"अण्णा, मत्त बंतु नोड्री." पुन्हा आलं बघा. आमच्या दुकानात हे वाक्य ऐकू आलं की पुढंपुढं मी खुर्चीतून उठायचोसुद्धा नाही. आलं म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आदल्या रविवारी कॉम्प्युटरच्या मेनूतून घालवलेलं दुसरं रायटर, म्हणजे लिब्रेऑफिसमधला मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, परत येऊन बसलेलं असायचं, पहिल्याच्या बरोबर खाली.

दुकान बेळगावात, शहापूरला. झेरॉक्स, डीटीपी, अर्ज भरून देणं. सकाळी कन्नड कामं: उताऱ्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज. संध्याकाळी मराठी: लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फलक. मशीन एकच आणि जुनं, चार जीबी रॅमचं. म्हणून त्यावर विंडोजऐवजी डेबियन लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. खाती दोन. माझं मराठीत, कामाला असलेल्या हुक्केरीकडच्या पोरीचं कन्नडमध्ये. एक्सएफसीईविषयी माझी तक्रार नाही, त्या मशीनवर दुसरं काही इतकं हलकं चाललं नसतं. पण मेनू मनासारखा करायला गेलो आणि जवळजवळ वर्षभर दर पंधरा दिवसांनी तेच काम नव्यानं करत बसलो. चूक कुठं होत होती ते कळल्यावर मेनूला हात लावायची वेळच आली नाही, म्हणून हे लिहितोय.

फोल्डरांची नावं आणि आज्ञा उच्चारानं देतोय, निपाणीच्या मेहुण्याला फोनवर सांगतो तशा. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरंच. 'टिंब' म्हणजे फुलस्टॉप, 'डॅश' म्हणजे वजाची खूण. टिंबानं सुरू होणारी फोल्डरं फाइल मॅनेजरात लपलेली असतात, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात.

आधी एक साधी चाचणी करा. मी ती सगळ्यात शेवटी केली आणि सहा महिने फुकट घालवले. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो ॲडयूजर' (सुडो म्हणजे मशीनच्या मालकाच्या अधिकारानं) आणि पुढं कुठलंही नाव देऊन नवं खातं तयार करा, त्यात शिरून मेनू उघडा. तिथं मेनू स्वच्छ दिसला तर घाण तुमच्या होम फोल्डरात आहे. तिथंही दोन रायटर दिसले तर सिस्टिममध्येच काहीतरी दोनदा बसलंय. माझ्या नशिबी दोन्ही होतं.

मेनू असा कुठं साठवलेला नसतोच

हे डोक्यात बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपल्याला वाटतं, मेनूची एक यादी कुठंतरी लिहून ठेवलीय आणि एडिटरनं आपण त्या यादीतली ओळ खोडतो. तशी यादी नाही. प्रत्येक प्रोग्रॅम बसताना एक चिठ्ठी ठेवून जातो, तिच्या नावाच्या शेवटी 'टिंब डेस्कटॉप' असतं. चिठ्ठीवर प्रोग्रॅमचं नाव, चित्र, चालवायची आज्ञा आणि वर्ग. पॅनेल, म्हणजे मेनूचं बटण असलेली पट्टी, या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करतं आणि वर्गाप्रमाणे लावून मेनू नव्यानं जुळवतं. डेस्कटॉपांचे सामाईक नियम ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉपनं घालून दिलेला हा नियम ग्नोम, केडीई, माटे, एलएक्सक्यूटी हे लिनक्सवरचे बाकीचे डेस्कटॉपही पाळतात, म्हणून पुढचं बरंचसं तिकडंही लागू पडेल.

चिठ्ठ्या तीन ठिकाणांहून येतात. पहिलं घरचं: होम, त्यात टिंब-लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स. दुसरं: यूएसआर, लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स. तिसरं: यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स. सिस्टिमनं बसवलेलं जवळजवळ सगळं तिसऱ्यात असतं. एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी सापडली तर आधीच्या ठिकाणची चालते आणि नंतरची पूर्ण बाद होते. पूर्ण म्हणजे पूर्ण. इकडच्या दोन ओळी आणि तिकडच्या चार, अशी मिसळ होत नाही.

आणि 'एकाच नावाची' म्हणजे फाइलीचं नाव, मेनूत दिसतं ते नव्हे. आमच्याकडं उताऱ्याला माणूस येतो आणि आजोबांचं नाव सांगतो. अहो, नावानं काय करू? 'भूमी' या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर तालुका, होबळी (तालुक्याचा महसुली भाग), गाव आणि सर्व्हे नंबर लागतो. नंबर जुळला तर ती जमीन, नाहीतर नाव तेच असून शेत दुसऱ्याचं. चिठ्ठीचा सर्व्हे नंबर म्हणजे तिच्या फाइलीचं नाव.

आता दोन रायटरची गोष्ट. डेबियनबरोबर आलेलं लिब्रेऑफिस होतंच. एका पत्रिकेच्या मांडणीसाठी मला नवीन आवृत्ती हवी होती, म्हणून लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावरून डेब फायली, म्हणजे डेबियनवर बसवायची पॅकेजं, आणून तीही बसवली. ती ओपीटी फोल्डरात स्वतंत्र बसते, जुन्याला धक्का लावत नाही. मेनूत मात्र दोन्ही. मी मेनू एडिटर उघडला, नको त्यावरची टिक काढली, खूश झालो. एडिटरनं केलं एवढंच: त्या चिठ्ठीची अख्खी नक्कल माझ्या घरच्या फोल्डरात ठेवली आणि तिच्यात 'नोडिस्प्ले बरोबर ट्रू' अशी ओळ घातली.

पण वेगळ्या आणलेल्या लिब्रेऑफिसच्या चिठ्ठीच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. मी लपवली ती ७.६ ची. त्या मालिकेनंतर त्यांनी आकड्यांची पद्धतच बदलली आणि २०२४ च्या सुरुवातीला २४.२ आली. मी तीही आणून बसवली. नवा आकडा म्हणजे नवं फाइलनाव, म्हणजे माझ्या घरच्या नकलेशी तिचा काही संबंध उरला नाही. पोटहिस्सा पडून नवा नंबर मिळालेल्या जमिनीवर जुन्या नंबरचा मनाई हुकूम दाखवत बसायचं, तसला प्रकार. शिवाय ७.६ आपण होऊन जात नाही, तीही तशीच राहते. पुढची आवृत्ती आली की आणखी एक. मी दर वेळी टिक काढतोय आणि घरच्या फोल्डरात मेलेल्या नकला साठतायत. शेवटी मोजल्या तेव्हा एकतीस निघाल्या.

खरा उपाय मेनूत नव्हताच. एक लिब्रेऑफिस ठेवलं, बाकीची मुळातून काढली. जे काढता येतं ते लपवू नका, एवढं पथ्य पाळलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

लपवायचं तर असं

काही गोष्टी काढता येत नाहीत, दुसऱ्या कशाला तरी लागतात. त्या लपवायच्या. आधी फाइलीचं नाव शोधा. फाइल मॅनेजरात या चिठ्ठ्या कधीकधी शोभेच्या नावानं दिसतात, त्यावर जाऊ नका. टर्मिनलमध्ये 'ग्रेप', जागा, 'डॅश आर एल', जागा, अवतरणात मेनूत दिसणारं नाव, जागा आणि फोल्डरचा पत्ता. नाव ज्या फाइलीत लिहिलंय ती फाइल पुढं येईल.

मग तिची नक्कल घरच्या फोल्डरात नव्हे, यूएसआर-लोकलमधल्या ॲप्लिकेशन्समध्ये ठेवा. फोल्डर नसलं तर सुडो लावून तयार करा. याचे फायदे दोन. डेबियनची पॅकेजं यूएसआर-लोकलला हात लावत नाहीत, म्हणून अपडेटमध्ये तुमची नक्कल पुसली जात नाही. आणि ती मशीनवरच्या सगळ्या खात्यांना लागू होते. माझ्या खात्यात लपवलेलं पोरीच्या खात्यात दिसत राहायचं आणि मी तिलाच विचारायचो, "तू काय केलीस?" तिनं काहीच केलेलं नसायचं.

नकलेत एक ओळ घाला. इथं पर्याय दोन आहेत आणि फरक महत्त्वाचा. 'नोडिस्प्ले बरोबर ट्रू' म्हटलं की मेनूत दिसत नाही, पण फाइलीवर डबलक्लिक केलं तर तो प्रोग्रॅम उघडतो. 'हिडन बरोबर ट्रू' म्हटलं की ती चिठ्ठी पुसल्यातच जमा, डबलक्लिकलाही ती उपलब्ध नसते. चित्रं दाखवणारा प्रोग्रॅम मी दुसऱ्या पद्धतीनं लपवला होता. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधले फोटो कशात उघडायचे हे मशीन मला विचारत राहिलं आणि मी पेनड्राइव्हला शिव्या घालत राहिलो.

एक धोका ध्यानात ठेवा. नक्कल अख्खी चालते, म्हणून मूळ चिठ्ठीतली आज्ञा उद्या अपडेटमध्ये बदलली तरी तुमच्या नकलेत जुनीच राहणार. मेनूतून क्लिक केलं, क्षणभर गोल फिरलं आणि पुढं काहीच नाही, असं झालं तर बहुतेक वेळा हेच असतं. नकला जितक्या कमी तितकं बरं. सगळं झालं की 'एक्सएफसीई-फोर डॅश पॅनेल', जागा, 'डॅश आर' दिल्यावर पॅनेल नव्यानं सुरू होतं.

नाव बदललं, तरी जुनंच दिसतं

याचं निदान सोपं आहे, पण मी यात एक आख्खी दुपार घालवली. चिठ्ठीत 'नेम' ही ओळ असतेच, शिवाय भाषेप्रमाणे वेगळ्या ओळी असतात: चौकटी कंसात एमआर असेल ती मराठीची, केएन असेल ती कन्नडची. खातं मराठीत असेल तर मराठीची ओळ आधी बघितली जाते. ती नसेल तरच साधी. मी साधी ओळ बदलत होतो आणि मेनू मराठीची ओळ वाचत होता.

आपल्या गावाचंच बघा की. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी, आमच्या तोंडी बेळगाव, जुन्या दगडी पाट्यांवर बेलगाम. आणि रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड बीजीएम तो बीजीएमच. नावं तीन, कोड एक. चिठ्ठीतही तेच: दिसायचं नाव बदलायचं असेल तर आपलं खातं ज्या भाषेत आहे त्या भाषेची ओळ बदला, आणि फाइलीच्या नावाला हात लावू नका.

आता ज्यांच्या चिठ्ठीत मराठीची ओळच नाही, ते मराठी मेनूत इंग्रजी नावानं येतात आणि वर्णानुक्रमात देवनागरीपासून वेगळा गठ्ठा करून बसतात. आपण खाली शोधतो, ते वर असतं. त्याला इलाज म्हणजे आपल्या वापरातल्या पाचसहा चिठ्ठ्यांत मराठीची ओळ स्वतः लिहिणं. सगळ्यांच्या मागं लागू नका, आयुष्य कमी पडेल. नावाच्या जागी नुसतं 'वर्ड प्रोसेसर' किंवा 'वेब ब्राउझर' दिसत असेल तर तो वेगळा विषय: मेनूच्या गुणधर्मांत सर्वसाधारण नावं दाखवा अशी एक टिक असते, ती काढली की झालं.

वाइनची भुतं

विंडोजवरचं एक जुनं कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर आम्ही काही दिवस वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालवलं. पुढं युनिकोडमध्येच टाइप करायला लागलो आणि मी होममधलं टिंब-वाइन फोल्डर सरळ उडवलं. प्रोग्रॅम गेला. मेनूतलं नाव राहिलं. वर साध्या टेक्स्ट फाइली वाइनच्या नोटपॅडमध्ये उघडायचा प्रयत्न करायला लागल्या, जे आता अस्तित्वातच नव्हतं.

वाइन आपल्या चिठ्ठ्या त्याच्या फोल्डरात ठेवत नाही, तुमच्या घरात तीन जागी ठेवतं. एक, घरच्या ॲप्लिकेशन्समध्ये 'वाइन' नावाचं उपफोल्डर. दोन, टिंब-लोकल, शेअरमधलं 'डेस्कटॉप डॅश डिरेक्टरीज', तिथं वाइननं सुरू होणाऱ्या फाइली. तीन, टिंब-कॉन्फिग, मेनूज, 'ॲप्लिकेशन्स डॅश मर्ज्ड', तिथं पुन्हा तसल्याच. शिवाय घरच्या ॲप्लिकेशन्समध्ये 'वाइन डॅश एक्स्टेन्शन' अशा सुरुवातीच्या फाइली दिसल्या तर टेक्स्ट फाइली पळवणारे तेच चोर. तिन्ही जागा साफ करा, मग 'अपडेट डॅश डेस्कटॉप डॅश डेटाबेस' आणि पुढं घरच्या ॲप्लिकेशन्सचा पत्ता द्या.

वाइन अजून वापरत असाल तर नुसतं साफ करून भागणार नाही. त्याचा 'वाइनमेनूबिल्डर' नावाचा नोकर, तुम्ही एखादा प्रोग्रॅम बसवलात की, पुन्हा सगळं मांडून ठेवतो. 'वाइन डीएलएल ओव्हरराइड्स' हे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, सगळी मोठी अक्षरं, मध्ये जागा न सोडता, 'वाइनमेनूबिल्डर टिंब ईएक्सई बरोबर डी' असं ठेवलं की तो गप्प बसतो.

एडिटरची फाइल, आणि जूनमधली ती सकाळ

चिठ्ठ्या कुठल्या वर्गात कुठल्या क्रमानं लावायच्या हे सांगणारी एक वेगळी फाइल असते: ईटीसी, एक्सडीजी, मेनूज, तिथं 'एक्सएफसीई डॅश ॲप्लिकेशन्स टिंब मेनू'. एडिटरनं क्रम बदलला की याच नावाची फाइल तुमच्या टिंब-कॉन्फिगमधल्या मेनूजमध्ये तयार होते आणि पुढं तीच चालते. नवीन प्रोग्रॅम बसवला आणि मेनूत दिसतच नाही, किंवा भलत्याच जागी जाऊन पडतो, असं झालं तर आधी संशय या फाइलीवर घ्या. पुसू नका. तिचं नाव बदलून बाजूला ठेवा, पॅनेल नव्यानं सुरू करा. मेनू मूळपदावर आला तर चोर सापडला. माटेत शिरलात तर फाइलीच्या नावाची सुरुवातही माटे होते, म्हणून इथं केलेला क्रम तिकडं दिसत नाही. त्यात बिघाड काही नाही.

मी ती फाइल हातानं दुरुस्त करायला गेलो होतो. जूनमध्ये, कॉलेज प्रवेशांच्या दिवसांत, दारात दाखल्यांच्या अर्जांची रांग. आदल्या रात्री एका टॅगच्या शेवटी तिरपी रेघ द्यायची राहिली होती. सकाळी मेनूवर क्लिक केलं तर मेनू लोड झाला नाही अशी पाटी, बाकी काही नाही. मागून एक मावशी म्हणाल्या, "काय करूलास बाबा, माझी बस जाईल." माझे हात थांबले. पोरीनं पुढं होऊन ऑल्ट आणि एफ-दोन दाबलं, आलेल्या चौकटीत लिब्रेऑफिस टाइप केलं, एंटर. काम सुरू. ती मेनू वापरतच नाही, असं तेव्हा कळलं. तिला लागणारे चार प्रोग्रॅम तिनं कधीच पॅनेलवर लाँचर म्हणून ठेवले होते. लाँचरच्या चिठ्ठ्या पॅनेल आपल्या फोल्डरात वेगळ्या ठेवतं, मेनू कोसळला तरी त्या चालतात. मी वर्षभर ज्याच्याशी झटत होतो ते तिच्या दृष्टीनं भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

तरीही मला माझा मेनू हवाच होता. शेवटी केला तो असा. मूळ फाइलीची अख्खी नक्कल काढली नाही. घरच्या मेनूजमध्ये त्याच नावाची छोटी फाइल लिहिली. बाहेरचा मेनू टॅग, त्यात नेम टॅगमध्ये एक्सएफसीई. मग मर्जफाइल टॅग, टाइप बरोबर पॅरेंट, आत मूळ फाइलीचा पत्ता. याचा अर्थ, मूळचं सगळं आधी घे आणि माझं त्यात वाढव. त्याखाली माझा पोटमेनू 'दुकान', आणि त्यात इन्क्लूडमध्ये फाइलनेम टॅग लावून हव्या त्या चिठ्ठ्यांची नुसती फाइलनावं. चिठ्ठीची नक्कल कुठंच नाही, म्हणून शिळं व्हायला काही उरलं नाही.

दोन चिठ्ठ्या मात्र नव्यानं लिहिल्या, यूएसआर-लोकलमध्ये: 'लग्नपत्रिका' आणि 'उतारा अर्ज'. आज्ञेत लिब्रेऑफिस, जागा, 'डॅश एन', जागा आणि तयार साच्याचा पत्ता. त्यामुळं साचा तसाच राहतो आणि दर वेळी त्यावरून नवी कोरी फाइल उघडते. साच्याच्या नावात जागा सोडू नका, आज्ञा तिथंच तुटते. दोन्ही चिठ्ठ्यांत तिन्ही भाषांच्या नावांच्या ओळी दिल्या. पोटमेनूचं नाव यूएसआर-लोकल, शेअरमधल्या 'डेस्कटॉप डॅश डिरेक्टरीज'मध्ये 'टिंब डिरेक्टरी'नं संपणाऱ्या फाइलीत लिहिलं: मराठीच्या ओळीत दुकान, कन्नडच्या ओळीत कन्नड लिपीत अंगडी. छोटी मेनू फाइल दोन्ही खात्यांत टाकली. पोरीनं ती बघितली, "छान झालं" म्हणाली, आणि पॅनेलवरच्या आपल्या लाँचरवर क्लिक करून कामाला लागली.

त्यानंतर अपडेट बरीच आली. रायटर एकच आहे.

परवा निपाणीहून फोन. "दाजी, जिंप दोन दिसालेत की." जिंप म्हणजे फोटोवर काम करायचा प्रोग्रॅम. विचारलं, एक फ्लॅटपॅकमधून, म्हणजे डेबियनच्या बाहेरून प्रोग्रॅम आणायच्या वाटेनं, आणलंयस का? होय म्हणाला. त्या चिठ्ठीचं नाव 'ओआरजी टिंब जिंप'नं सुरू होतं, डेबियनवाल्या चिठ्ठीचं तसं असेलच असं नाही, म्हणून दोन्ही दिसत असणार. खात्री करायला म्हटलं, दोन्हींची नावं वाचून दाखव.

"जिंप," तो म्हणाला. "आणि दुसऱ्याचं... जिंप."

"ते नव्हे रे. फाइलीचं."